तबेल्यात शिकलेली तुर्की

ज्या वर्षी मी मॅट्रिक पास झालो, त्याच वर्षी आमच्या मेंढरांना देवी आल्या. आधी कोकरांच्या ओठांवर फोड उठले, मग मोठ्या मेंढ्यांच्या कासेवर, मग डोळे चिकटले. बा रोज उजाडता मेंढवाड्यात शिरायचा आणि मेलेली मेंढरं पाय धरून बाहेर ओढायचा. पुरायचं बळ कुणात नव्हतं, म्हणून ती लांब ओढ्यात टाकायची. गिधाडं इतकी जमली की त्यांना हुसकायचंसुद्धा आम्ही सोडून दिलं. मांजरसुंब्याच्या माळावर, कपिलधारच्या वरच्या अंगाला आमचा तळ असायचा. पावसाळा सरला तेव्हा त्या तळावर मेंढरांपेक्षा कुत्री जास्त होती.

मेंढरं गेली म्हणजे लोकर गेली. माय वर्षभर लोकर पिंजून सूत कातायची, ते घोंगड्यांसाठी जायचं. आता तिच्या हाताला काम उरलं नाही. तरी ती चाती घेऊन बसायची आणि नुसतीच फिरवायची. खायला तरवट्याचा पाला होता, मीठ असेल त्या दिवशी मीठ. बा दुसऱ्याच्या मेंढरांमागं चाकरीला गेला. स्वतःचा कळप राखलेल्या माणसानं दुसऱ्याचा कळप राखायचा म्हणजे काय, ते धनगरालाच विचारावं. मी त्यावर जास्त लिहीत नाही.

मला शाळेत घातलं होतं ते शिक्षणाच्या आवडीनं नव्हे. लहानपणी कड्यावरून पडून माझा पाय मोडला आणि वाकडाच सांधला. कळपामागं चालता येईना, तेव्हा हे पोर कुठं तरी बसवून ठेवायचं म्हणून बीडच्या शाळेत बसवलं. एका वाण्याच्या दुकानात पोती शिवायची, तिथंच निजायचं, तिथंच खायचं. शिक्षण सगळं उर्दूत. वरच्या वर्गात इंग्रजी. घरची भाषा तळावर गेलो की तेवढीच. पण बसलो तो नीट बसलो. आमच्या भावकीत सही करणारा माझ्याआधी कुणी नव्हता, आणि मी मॅट्रिक झालो.

झालो, आणि काही झालं नाही. तहसिलीत गेलो, शिफारस कुणाची म्हणून विचारलं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर गेलो, तिथंही तेच. वाण्यानं माझ्या जागी धाकटा पोऱ्या ठेवला होता, कारण मॅट्रिक झालेल्याला पोती शिवायला सांगणं त्याला अवघड वाटायला लागलं. तळावर परत आलो तर आमच्याच भावकीतला एक म्हणाला, “आता ऱ्हायलेल्या मेंढरास्नी विंग्रजी शिकीव बे. मरताना तरी साहेबावानी मरतील.”

सगळे हसले. बा हसला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. चालता न येणारा मेंढका आणि नोकरी न मिळणारा मॅट्रिक असा दोन्हीकडून निरुपयोगी झालेला मी त्या माळावर बसून होतो. हैदराबादला कॉलेज होतं. तिथं जायचं तर वजिफा, म्हणजे शिष्यवृत्ती, पाहिजे आणि वजिफ्याला मोठ्या माणसाचा शब्द पाहिजे. आमच्या ओळखीतला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे तो वाणी.

अशात शाळेच्या हेडमास्तरांचा निरोप आला. बीडच्या बाहेर, बिंदुसरा नदीच्या काठाला एका जहागीरदाराची बाग होती. बागेला लागून तबेला. त्या तबेल्यात एक म्हातारा तुर्क राहतो, त्याला इंग्रजी अक्षरं वाचणारा माणूस पाहिजे, असा तो निरोप होता.

मायला सांगितलं, “तुरकाकडं कामाला चाललोय.”

“कंच्या तुरकाकडं? बीडात समदे तुरूकच की,” ती म्हणाली. आमच्याकडं मुसलमान म्हटला की तुरूकच म्हणायची रीत होती.

“न्हाई माय, ह्यो खरा तुर्क हाय. तुर्कस्थानातला.”

“मंग हितं कावून आला?”

ते मला त्या वेळी सांगता आलं नाही. पुढं कळलं ते असं. हा माणूस सुलतानाच्या पागेत घोड्यांचा अधिकारी होता. सुलतानाला तिकडच्या लोकांनी देशाबाहेर घालवलं, तेव्हा त्याच्या चाकरीतली अशी कितीतरी माणसं बाहेर पडली. हा भटकत मुंबईला आला. तिथून जहागीरदारांनी घोडे शिकवायला त्याला बीडला आणला. बायको तिकडंच राहिली होती. आपल्यासारख्यांना एक ना एक दिवस परत घेतील, तसा हुकूम निघेल आणि तो वर्तमानपत्रात येईल, या एका भरवशावर तो जगत होता. मुंबईचा एक गालिचेवाला, त्याच्याच देशाचा, त्याला तिकडची वर्तमानपत्रं गठ्ठ्यानं पाठवायचा.

पण दोन गोष्टी आड आल्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आणि त्याच सुमाराला तिकडच्या नव्या सरकारनं जुनी लिपी बंद करून इंग्रजीसारखी अक्षरं सुरू केली. जुनी लिपी आपल्या उर्दूसारखी. ती असती तर मशिदीतल्या कुणीही पोरानं अडखळत का होईना वाचून दाखवली असती. नवी अक्षरं वाचायला इंग्रजी शिकलेला माणूस पाहिजे, आणि बीडात इंग्रजी शिकलेल्यांना फुरसत नव्हती. कोर्टातला एक कारकून दोन दिवस आला आणि डोकं धरून परत गेला.

मी गेलो तेव्हा म्हातारा बाजेवर ताठ बसला होता. पांढऱ्या मिशा, अंगात घोडेस्वाराचा जुना कोट, बटणं सगळी लावलेली. शेजारी मोतद्दार, म्हणजे घोड्यांची चाकरी करणारा, चंदीचे हरभरे भिजवत होता. तो आमच्याच भागातला, तोंडाचा फटकळ.

“हेच का ते मॅट्रिक?” मोतद्दार म्हणाला. “पाय तर लंगडतोय बे तुझा. जीभ तरी सरळ हाय का?”

म्हाताऱ्यानं माझ्या हातात वर्तमानपत्र दिलं. त्याची उर्दू मोडकी होती, पण नेमकी. वाच म्हणाला. मी वाचलं. इंग्रजी शिकलो होतो तसं, धडाधड. एका रकान्याच्या शेवटी थांबलो. म्हातारा माझ्याकडं न दिसणारे डोळे लावून बसला होता.

“हे कुठल्या भाषेतलं आहे?” त्यानं विचारलं.

मग त्यानं माझ्याशी करार केला. करार म्हणतो, कारण ती मेहेरबानी नव्हती आणि मीही मेहेरबानी म्हणून ती घेतली नाही. तू असं वाचायला शीक की मला ऐकून कळेल. तुला कळायची गरज नाही. ज्या दिवशी मला एक पूर्ण बातमी कळेल, त्या दिवशी मी जहागीरदारसाहेबांकडं तुझ्या वजिफ्याचा शब्द टाकेन. तोवर तबेल्यात राहा, माझ्या ताटातलं खा. कॉलेज अमरदाद महिन्यात, म्हणजे आपल्या ज्येष्ठात, सुरू व्हायचं. त्या वेळी दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. मला वाटलं, अक्षरं तर माहीतच आहेत, पंधरा दिवसांचं काम.

गठ्ठ्यात एक छापील तक्ता होता, नवीन अक्षराशेजारी जुनं. मी जुनं अक्षर उर्दूच्या जोरावर वाचून सांगायचो आणि म्हातारा त्याचा आवाज काढून दाखवायचा. पहिल्याच दिवशी इंग्रजीनं दगा दिला. इंग्रजीत ज्याला आपण कधी क, कधी स म्हणतो ते अक्षर यांच्यात ज. त्याच अक्षराला खाली शेपूट काढलं की च. स ला शेपूट काढलं की श. इथवर ठीक होतं. पण माझ्या तोंडातला च आणि ज म्हाताऱ्याला पटेना. लेकराला ते ‘चोजुक’ म्हणतात. मी म्हणायचो ते चोरातल्या चो नं आणि जुन्यातल्या जु नं. म्हातारा मान हलवायचा. चहातला च आणि जेवणातला ज, हे दोनच त्यांच्याकडं आहेत, हे मला कळायलाच आठवडा गेला. आपल्याकडं च दोन आहेत हे तोवर मला कुठं माहीत होतं? जन्मल्यापासून बोलत आलो, कधी मोजले नव्हते.

एक आवाज असा होता की तो उर्दूतही आहे, ज च्या जवळचा, जिभेला घासून निघणारा. शाळेत मौलवीसाहेबांनी तो आम्हाला साधा ज म्हणूनच शिकवून मोकळं केलं होतं. म्हाताऱ्यानं तो दहादा म्हणून घेतला. हे सगळं तरी जमलं. खरी फजिती स्वरांनी केली.

त्यांच्या लिपीत ‘आय’ अक्षर दोन. एकाच्या डोक्यावर टिंब, ती आपली इ. दुसऱ्याच्या डोक्यावर टिंब नाही. त्याचा आवाज इ नाही, उ नाही, अ ही नाही. ओठ पसरलेले ठेवायचे आणि जीभ मागं ओढायची. “ओझं उचलताना पोटातून निघतो तो आवाज,” म्हातारा म्हणायचा. मी कण्हायचो. मोतद्दार म्हणायचा, “घोडीला पोटशूळ उठतो तवा अस्संच करती.” म्हातारा घोडीच्या पोटशुळापर्यंत यायला तयार होता, मला तोही साधत नव्हता. माझ्या तोंडून इ निघायची, नाहीतर उ. मुलगी, वर्ष, सोनं, असल्या रोजच्या शब्दांत हे अक्षर आहे. ते चुकलं की शब्द गेला, शब्द गेला की ओळ गेली.

मग उ वर दोन टिंबं, ओ वर दोन टिंबं. ओठ उ चे करायचे आणि म्हणायचं ई. ओठ ओ चे करायचे आणि म्हणायचं ए. तोंड एक सांगतंय आणि जीभ दुसरंच करतेय, असा तो प्रकार. दिवसाला ते ‘ग्युन’ म्हणतात आणि डोळ्याला ‘ग्योझ’, असं मी इथं लिहितो खरं, पण आपल्या अक्षरांत ते बसत नाही. आणि एक ग असा की त्याच्या डोक्यावर चंद्रकोर. तो मुळी बोलायचाच नाही. नुसता आधीचा स्वर लांबवायचा. डोंगराला ‘दाऽ’. मी तो ग दिसला की बोलायचो. छापलेलं अक्षर बोलायचं नाही हे माझ्या गळीच उतरेना. एवढी शिस्तीनं शिकलेली शाळा, तिच्यात कुणी अक्षर सोडून दे म्हणून सांगितलं नव्हतं.

म्हातारा मला ‘ओऽलुम’ म्हणायचा, म्हणजे माझ्या लेका. त्यातही तोच न बोलायचा ग. तो म्हणायचा तेव्हा सोपं वाटायचं.

संक्रांत गेली. आवाज एकेक करून यायला लागले, अगदी टिंब नसलेलं अक्षरसुद्धा. मी एकेक शब्द म्हणायचो, म्हातारा मान डोलवायचा, बरोबर. मग तो म्हणायचा, आता वाच. मी बातमी वाचायचो. तो कान देऊन ऐकायचा, कपाळावर आठ्या चढायच्या, आणि शेवटी हात वर करायचा. कळलं नाही. शब्द बरोबर, अक्षरं बरोबर, आणि बातमी कळत नाही. कुठं चुकतंय हे त्याला सांगता येईना आणि मला समजेना. मधूनच कानून, मिल्लेत, असे आपल्या उर्दूतले शब्द निघायचे, परक्या बाजारात ओळखीचा माणूस दिसावा तसे. तेवढेच त्याला कळायचे आणि तेवढेच मलाही.

रोज दुपारी हे. वाचायचं, हात वर, पुन्हा वाचायचं, पुन्हा हात वर. म्हातारा रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो नुसता गप्प होत चालला. गठ्ठा उशाशी ठेवून त्याच्यावर हात फिरवत बसायचा. त्यातल्या कुठल्या तरी पानावर आपला हुकूम छापून पडला असेल आणि तो आपल्याच बाजेवर असून आपल्याला माहीत नसेल, ही भीती त्याला खात होती. मला माझी भीती खात होती. शिमगा आला, झाडं झडली, नदीत डबकी उरली. जेवण मात्र मी त्याच्या ताटातलं जेवत होतो. घास घेताना वाटायचं, हे कमावलेलं नाही. मला तसलं अन्न गोड लागत नाही.

अशात एके दुपारी बा आला. चाकरीचा कळप पाण्यासाठी बीडच्या बाजूला आणला होता, तेवढ्यात मला बघायला. तो आल्याचं मला माहीत नव्हतं. मी वाचत होतो. पान संपवून मान वर केली तर तबेल्याच्या दारात बा मांडी घालून बसलेला. वहाणा बाहेर काढलेल्या, हात जोडलेले, डोळे मिटलेले.

“बा?”

त्यानं डोळे उघडले, जमिनीला हात लावून कपाळाला लावला. “वाच की. थांबलास कावून? कंचा गरंथ हाय ह्यो? ध्यान लई छान लागलं बघ.”

“बा, गरंथ न्हाई. वर्तमानपत्र हाय.”

“मंग गातोस कावून?”

मोतद्दार इतका हसला की त्याच्या हातातलं चंदीचं घमेलं सांडलं. म्हाताऱ्यानं विचारलं, काय झालं? मोतद्दारानं हसत हसत सांगितलं, “साब, इसके बाप ने आपके अखबार को हाथ जोडे. पोथी समझा.”

म्हातारा हसला नाही. पोथी म्हणजे काय, ती कशी वाचतात, हे त्यानं मला नीट विचारून घेतलं. मी सांगितलं. तळावर वाचता येणारा मी एकटा; बाळबोध अक्षरं मी वाण्याच्या दुकानात शिकलो होतो. दर श्रावणात मी सुट्टीला गेलो की मला पोथीला बसवायचे. पोथी वाचायची एक चाल असते. ओळ संपेपर्यंत एका सुरात जायचं, शेवटी सूर खाली सोडायचा, आणि ऐकणाऱ्यानं तिथं ‘जी’ म्हणायचं. शाळेत मनात वाचायचो. मोठ्यानं वाचायचं म्हणजे मला पोथीच माहीत होती. मी तुर्कांच्या राजधानीतल्या बातम्या पोथीच्या चालीवर गात होतो. ओळ जिथं छापायला संपली तिथं मी सूर सोडायचो, मग शब्द अर्धा का असेना. तुर्कीत जोर बहुतेक शब्दाच्या शेवटी पडतो. माझ्या चालीत शेवट बुडून जायचा.

म्हातारा दाराकडं वळला. मग बाला म्हणाला, “तुम्ही डोंगरात एकमेकांशी बोलता कसं?”

“हाळी देतो की साब,” बा म्हणाला. “ह्या टेकावरनं त्या टेकावर.”

दुसऱ्या दिवसापासून वाचन बंद. म्हाताऱ्यानं मला नदीच्या पलीकडच्या काठावर पाठवलं. स्वतः अलीकडं बाजेवर बसला. वाचायचं नाही, हाळी द्यायची, असा त्याचा हुकूम. हाळी देताना माणूस गात नाही. ज्या शब्दावाचून काम अडतं तो उचलून फेकतो, स्वर लांबवतो, आणि शेवटचं अक्षर पलीकडं पोचलं पाहिजे म्हणून त्याच्यावर जोर देतो. मी एकेक वाक्य नजरेनं घ्यायचो, पान खाली करायचो आणि ओरडायचो. ‘दाऽ’ म्हणताना ग आपोआप गिळला गेला, कारण हाळीत ग ला जागा नसते. दोन टिंबांचा उ तर मला आधीपासून येत होता, मलाच ठाऊक नव्हतं. मेंढरांना पाण्यावर बोलावताना आम्ही ओठांचा चंबू करून जो आवाज काढतो, तो हाच. मी तो काढला आणि नदीच्या डबक्यावर पाणी पिणारी कुणाची तरी चार शेरडं मान वर करून माझ्याकडं बघायला लागली.

एक गोष्ट म्हाताऱ्यानं त्याच दिवसांत सांगितली. एका शब्दातले स्वर एका जातीचे असतात. पहिला तोंडाच्या पुढून निघाला की बाकीचे पुढूनच, मागून निघाला की मागूनच. हे शाळेत कुणी फळ्यावर लिहून दिलं असतं तर मी घोकलं असतं आणि विसरलो असतो. मला कळपच दिसला. पहिल्या मेंढीचं तोंड जिकडं, तिकडं सगळी.

येणारे जाणारे नदीवर थांबून बघायचे. “धनगराचं पोर यडं झालं,” म्हणायचे. “मॅट्रिक झालतं म्हनं.” मी ओरडत राहिलो. मग म्हाताऱ्यानं मला काठाकाठानं जवळ आणलं, आवाज उतरवत उतरवत, आणि शेवटी बाजेजवळ बसवलं. उन्हाळा भर माथ्यावर आला होता. मी एक जुना अंक घेतला आणि जे नजरेला पडलं ते वाचलं. चार ओळी झाल्या असतील, म्हातारा एकदम खदखदा हसला. मी थांबलो.

“पुढं, पुढं!”

मी पुढं वाचलं. तो मांडीवर थाप मारत होता. त्या वर्षी तिकडच्या समुद्रात पालामुत नावाचा मासा इतका आला होता की बाजारात कुणी घेईना आणि मांजरंसुद्धा तोंड फिरवायला लागली होती, अशी ती बातमी. म्हाताऱ्यानं ती मला समजावून सांगितली, मोतद्दाराला सांगितली, घोड्यांना सांगितली असती. मग कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. इतक्या वर्षांत त्याच्या गावाहून त्याला काही ऐकू आलं, ते हे.

“उद्या बाकीचे,” तो म्हणाला. “सगळे. तारखेप्रमाणे.”

मी खूश होतो हे सरळ सांगतो. करार पुरा झाला होता. पण त्यानं बाकीचे म्हटलं आणि मी नाही कसं म्हणणार? तीन दिवस मी गठ्ठा उलगडत होतो. धान्याचे भाव, आगगाडीचा नवा रस्ता, कुणाचं लग्न, कुणाची चोरी. म्हातारा मध्ये मध्ये गावांची नावं स्वतःशी म्हणायचा. चौथ्या दिवशी दुपारी मी एक लहानशी बातमी वाचायला घेतली. पानाच्या खालच्या कोपऱ्यात होती, मथळाही बारीक. कानून हा शब्द कळला. वतन कळला. सुलतानाचं नाव आलं तेही कळलं. बाकीचं मला काही कळत नव्हतं, म्हणून मी अगदी निर्धास्त वाचत होतो. प्रत्येक अक्षर जागेवर पडत होतं. टिंब नसलेला स्वर, चंद्रकोरीचा ग, शब्दाच्या शेवटचा जोर, काही चुकलं नाही. इतकं चांगलं मी तोवर वाचलं नव्हतं.

म्हातारा म्हणाला, “पुन्हा.”

मी पुन्हा वाचलं. तो तसाच ताठ बसला होता. फक्त कोटाचं वरचं बटण काढलं.

“आणखी एकदा. हळू.”

तिसऱ्यांदा वाचताना मला त्याच्या चेहऱ्यावरून कळायला लागलं होतं, पण वाचत राहण्यावाचून मला दुसरं येत काय होतं? संपल्यावर त्यानं उर्दूत सांगितलं. जुन्या दरबाराच्या चाकरीतले जे लोक इतकी वर्षं बाहेर राहिले, ते यापुढं त्या देशाचे नाहीत. त्यांना परत येता येणार नाही.

“माझं चुकलं असेल साब,” मी म्हणालो. “एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं असेल.”

“नाही,” तो म्हणाला. “तुझे उच्चार बरोबर आहेत.”

मोतद्दार, ज्याला कधी गप्प बसता आलं नाही, तो उठून घोड्यांच्या मागं गेला. म्हाताऱ्यानं हात पुढं करून गठ्ठा मागितला, तो मी दिला. त्यानं तो नीट बांधून घेतला आणि मोतद्दाराला हाक मारून सांगितलं की हे कागद घोड्यांच्या खाली घालायला ने. मोतद्दारानं ते नेले, पण घातले नाहीत. गवताच्या खोलीत वर टाकून ठेवले.

त्यानंतर त्यानं मला वाचायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दाढी करवून घेतली, बटणं लावली, मोतद्दाराच्या खांद्यावर हात ठेवून जहागीरदारांच्या बैठकीत गेला आणि माझ्यासाठी शब्द टाकून आला. परत येऊन बाजेवर बसला आणि म्हणाला, काम झालं. एवढंच. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. पण ज्या वाचनाची मजुरी मला मिळत होती, त्या वाचनानं त्याचं काय केलं ते समोर दिसत होतं. मी पाया पडलो नाही. मी त्याच्यासाठी पाणी भरून ठेवलं.

ज्येष्ठात मी निघालो. बा सोडायला मोटारीपर्यंत आला होता. आगगाडी जालन्याला मिळायची; तिथवरची मोटार भरली होती, मागं सामानावर जागा मिळाली. माय आली नाही. तळ लांब होता. त्याआधी म्हाताऱ्याला सांगायला तबेल्यात गेलो होतो, तेव्हा तो भिंतीकडं तोंड करून निजला होता. मी दारातूनच म्हणालो, “जातो साब.” त्यानं “ओऽलुम” म्हटलं. मी बोचकं उचलून निघालो.

हैदराबादच्या पहिल्या वर्षाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. वसतिगृहात शहरातली मराठी मुलं माझ्या बोलण्याला हसायची. ‘आमी’, ‘तुमी’ म्हणालो की मागून नक्कल व्हायची. मी त्यांच्यासमोर मोठ्यानं बोलायचं टाळायला लागलो. ज्या तोंडानं परक्या देशाची भाषा त्या देशाच्या माणसाला कळेल अशी म्हटली, त्याच तोंडाला आता स्वतःची लाज वाटत होती. वार्षिक परीक्षेच्या आधी बाचा निरोप आला, मजकूर दुसऱ्याकडून लिहून घेतलेला. मायला ताप येऊन ती गेली. निरोप पोचेपर्यंत तिसरा दिवसही होऊन गेला होता. मी गेलो नाही, जाऊन वेळेत पोचलो नसतो. त्याच निरोपात खाली एक ओळ होती की तबेल्यातला म्हाताराही त्याच आठवड्यात गेला. मोतद्दारानं बाला नदीवर गाठून सांगितलं होतं. त्याला बीडच्याच कबरस्तानात पुरला.

त्या दिवशी मी वसतिगृहाच्या गच्चीवर गेलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी दोघांसाठी काही म्हणावं असं मनात होतं. पोथी पाठ होती, ती म्हणवेना. शेवटी मी तुर्कीतले जे शब्द येत होते ते हळू म्हटले. डोंगर, दिवस, डोळा, लेकरू. उच्चार बरोबर होते. ऐकायला कुणी नव्हतं, आणि शब्दांच्या पुढं मला ती भाषा येत नव्हती.

पुढची वर्षं मी वजिफ्यावर काढली. तो बंद झाला नाही, कारण दर परीक्षेत मी पास होत गेलो. सुट्टीत मी कधी बीडला उतरलो तर तबेल्याकडं गेलो नाही. बा शेवटपर्यंत दुसऱ्याच्या मेंढरांमागं राहिला. त्याचा स्वतःचा कळप पुन्हा झाला नाही.

निकाल लागला तेव्हा मी दुसऱ्या वर्गात बी.ए. पास झालो होतो. आमच्या भावकीत कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि पदवी घेऊन बाहेर पडलेलाही पहिला.